न रडणाऱ्या मातेचा अपराध

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आल्गार्व्ह प्रांतात प्राइया दा लूझ नावाचे समुद्रकाठचे एक लहानसे गाव आहे. सुट्टी घालविण्यासाठी ब्रिटिश कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने येतात. ३ मे २००७ रोजी, गुरुवारी रात्री, तेथील एका पर्यटक निवासाच्या तळमजल्यावरील सदनिकेतून मॅडेलीन मॅक्कॅन ही ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. तिचा चौथा वाढदिवस अवघ्या नऊ दिवसांवर आला होता. तिची दोन वर्षांची जुळी भावंडे त्याच खोलीत गाढ झोपलेली होती. आई केट आणि वडील जेरी हे दोघेही डॉक्टर. ते मित्रमंडळींसह जवळच्या उपाहारगृहात जेवायला बसले होते आणि ठराविक वेळाने कोणीतरी उठून मुलांना पाहून येत होते. दहाच्या सुमारास आई पाहायला गेली, तेव्हा मॅडेलीनचा बिछाना रिकामा होता.

त्या रात्रीनंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक पोलिसांचा तपास. तो आजतागायत पूर्ण झालेला नाही. दुसरा त्या मातापित्यांवरचा लोकांचा खटला. या खटल्यात आरोपपत्र नव्हते, साक्षीपुरावा नव्हता, उलटतपासणी नव्हती. निकाल मात्र होता. तपासाइतकाच हा दुसरा खटलाही विचार करण्याजोगा आहे. कारण हरवलेले मूल शोधण्याच्या कामी समाज साह्यही करू शकतो आणि अडथळाही आणू शकतो. येथे त्याने दोन्ही केले.

प्रारंभी सहानुभूतीला पूर आला होता. लिस्टरशायरमधील रॉथ्ली या मॅक्कॅन कुटुंबाच्या गावात लोकांनी पिवळ्या फिती बांधल्या. मोठमोठी बक्षिसे जाहीर झाली. नामवंत फुटबॉलपटूंनी आवाहने केली. ३० मे रोजी रोममध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मुलीच्या छायाचित्राला आशीर्वाद दिला. पण या पुराला ओहोटी लागायला फार दिवस लागले नाहीत. जून महिन्यातच मुलांना एकटे ठेवल्याबद्दल या दांपत्याची समाजकल्याण खात्याकडून चौकशी व्हावी, अशा मागणीपत्रावर सतरा हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात केट जबाब देण्यासाठी पोर्तिमाव येथील पोलीस ठाण्यात गेली, तेव्हा बाहेर जमलेल्या गर्दीतून तिची हुर्यो उडविण्यात आली. ७ सप्टेंबर रोजी पोर्तुगीज पोलिसांनी दोघांनाही ‘आर्गीदू’ म्हणजे औपचारिक संशयित म्हणून घोषित केले. ज्यांच्यासाठी फिती बांधल्या, त्यांच्याच दिशेने बोटे रोखायला समाजाला चार महिने पुरले.

या चार महिन्यांत असा कोणता पुरावा हाती आला होता? ब्रिटनमधून आणलेल्या श्वानांनी सदनिकेत आणि कुटुंबाने नंतर भाड्याने घेतलेल्या मोटारीत काही ठिकाणी इशारे दिले. तेथील नमुने बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यातून ठाम निष्कर्ष काढण्याजोगे काहीही निघाले नाही. परंतु वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून हेच अनिर्णीत नमुने सिद्ध झालेला पुरावा बनून घरोघर पोहोचले. पोर्तुगालच्या कायद्यानुसार तपासातील माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक होते. त्यामुळे अधिकृतपणे कोणी बोलत नव्हते. जेथे अधिकृत माहिती नसते, तेथे वावड्यांना मोकळे रान मिळते. संशयिताला मौन पाळण्याचा अधिकार देणाऱ्या त्याच कायद्याच्या आधारे केटने अठ्ठेचाळीस प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत. या मौनाचाही अर्थ लोकांनी परस्पर लावून टाकला.

तथापि, लोकांच्या मनातील खरा पुरावा प्रयोगशाळेतला नव्हताच. तो केटच्या चेहऱ्यावर होता. ही बाई कॅमेऱ्यापुढे रडत कशी नाही? तिचे केस विंचरलेले कसे? कपडे नीटनेटके कसे? पोर हरवलेली आई समुद्रकाठी धावायला कशी जाते? मॅडेलीनचे आवडते कापडी मांजर केटच्या हातात सतत असे, तर तो देखावा ठरला. ते तिने धुतले, तर पुरावा नष्ट केल्याचा संशय आला. चेहरा शक्यतो निर्विकार ठेवा, मुलीला पळविणाऱ्याला तुमच्या दुःखातून विकृत आनंद मिळू शकतो, असा जाणकारांचा सल्ला या दांपत्याला मिळाला होता. म्हणजे लेकीच्या भल्यासाठी ज्या आईने अश्रू गिळले, त्याच आईला ते गिळल्याबद्दल दोषी ठरविण्यात आले.

दुःखाला ठरलेला गणवेश नसतो, हे खरे तर प्रत्येक घराला ठाऊक असते. घरात मर्तिक झाले की सारी व्यवस्था कोरड्या डोळ्यांनी पाहणारा, आल्यागेल्याची विचारपूस करणारा एखादा कर्ता मुलगा असतो. तेरावा उरकतो, पाहुणे पांगतात आणि मग एखाद्या संध्याकाळी खुंटीवरचा वडिलांचा सदरा दिसताच तो कोसळतो. मधल्या बारा दिवसांत त्याला दुःख नव्हते असे कोणी म्हणत नाही. कारण तो आपला असतो, आपण त्याला ओळखत असतो. पडद्यावर दिसणाऱ्या परक्या माणसाला मात्र ही सवलत मिळत नाही. त्याने आपल्या कल्पनेप्रमाणे, आपल्याला हवे तेव्हा आणि आपल्याला पटेल इतकेच रडले पाहिजे.

या परीक्षेची किंमत किती भयंकर असते, ते ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड शिळापर्वताच्या पायथ्याशी तंबूत झोपविलेली अझारिया ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिला डिंगोने, म्हणजे तेथील रानटी कुत्र्याने नेले, असे आई लिंडी चेंबरलेन पहिल्या क्षणापासून सांगत होती. तेथील वाळूची भाषा पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या मूलनिवासी माग काढणाऱ्यांनीही डिंगोच्या पाऊलखुणा ओळखल्या होत्या. पहिल्या मृत्युचौकशीत डेनिस बॅरिट या अधिकाऱ्याने लिंडीचेच म्हणणे मान्य केले आणि आपला निष्कर्ष फेब्रुवारी १९८१ मध्ये दूरचित्रवाणीवरून थेट देशाला ऐकविला. अफवा थांबाव्यात, हाच त्यामागचा हेतू होता. अफवा मात्र थांबल्या नाहीत.

कारण लिंडी रडत नव्हती. डिंगो भक्ष्याची कशी चिरफाड करतो, हे ती वार्ताहरांना स्थिर आवाजात समजावून सांगत असे. न्यायालयात येताना तिचे कपडे दररोज वेगळे असत. तेही डोळ्यांवर आले. तिचा पती मायकेल हा सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या छोट्या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक. हा पंथ बहुसंख्यांना अपरिचित, म्हणून संशयास्पद. ‘अझारिया’ या नावाचा अर्थ ‘रानात दिलेला बळी’ असा आहे, ही कंडी देशभर पिकली. वस्तुतः ‘ज्याला देवाने साह्य केले तो’ असा त्या नावाचा अर्थ आहे. तान्ह्या मुलीला आई काळा झगा घालीत असे, हीसुद्धा पापाची खूण ठरली. डिंगो निर्दोष असल्याच्या घोषणा छापलेले सदरे घालून लोक मिरवू लागले.

मग तज्ज्ञ पुढे आले. चेंबरलेन कुटुंबाच्या मोटारीत अर्भकाच्या रक्ताचे अंश सापडल्याचे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डार्विन येथे लिंडीला खुनाबद्दल जन्मठेप झाली. ती तेव्हा गरोदर होती. पुढच्याच महिन्यात तुरुंगवासात तिला मुलगी झाली आणि ते मूल तिच्यापासून दूर नेण्यात आले. तीन वर्षांहून अधिक काळ ती बंदिवासात होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये उलुरूवरून पडून मरण पावलेल्या एका इंग्लिश पर्यटकाचे शव शोधताना, डिंगोंच्या बिळांच्या परिसरात अझारियाचे छोटे जाकीट सापडले. ते जाकीट मुलीच्या अंगावर होते असे लिंडी पहिल्यापासून सांगत आली होती. तिची तत्काळ सुटका झाली. न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने १९८७ मध्ये त्या ‘रक्ता’चा निकाल लावला, ते मुख्यतः मोटारीत आवाज कमी करण्यासाठी फवारलेले रसायन होते! १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. अझारियाला डिंगोनेच नेले अशी अंतिम नोंद होण्यासाठी मात्र १२ जून २०१२ हा दिवस उजाडावा लागला. लोकांनी एका आठवड्यात दिलेला निकाल पुसण्यासाठी बत्तीस वर्षे लागली.

मूलनिवासी माग काढणाऱ्यांनी जे पहिल्याच रात्री वाळूत वाचले, तेच शेवटी खरे ठरले. ज्यांना त्या भूमीचे ज्ञान होते त्यांचे कोणी ऐकले नाही आणि ज्यांना त्या स्त्रीविषयी काहीही ज्ञान नव्हते त्यांचे मात्र साऱ्यांनी ऐकले.

कोरडे डोळे अपराधाचा पुरावा नव्हेत, हे येथवर पटेल. पण मग अश्रू तरी निर्दोषत्वाचा पुरावा आहेत का? अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात ऑक्टोबर १९९४ मध्ये सुझन स्मिथ नावाच्या स्त्रीने टाहो फोडला की एका कृष्णवर्णीय इसमाने तिची मोटार पळविली आणि तीत तिचे दोन चिमुरडे मुलगे आहेत. नऊ दिवस ती दूरचित्रवाणीवर काकुळतीने विनवण्या करीत होती आणि सारा देश तिच्याबरोबर हळहळत होता. त्या नऊ दिवसांत कित्येक निरपराध कृष्णवर्णीयांकडे संशयाने पाहिले गेले. अखेरीस तिनेच कबुली दिली की मुलांसह ती मोटार तिने स्वतः तळ्यात लोटली होती. इंग्लंडमध्येच, मॅडेलीन प्रकरणाला वर्षही झाले नव्हते तोवर, फेब्रुवारी २००८ मध्ये ड्यूसबरी येथील नऊ वर्षांची मुलगी हरवली. तिची आई कॅरन मॅथ्यूज कॅमेऱ्यापुढे अश्रू ढाळीत राहिली. चोवीस दिवसांनी ती मुलगी एका नातलगाच्या घरी पलंगाच्या खणात दडविलेली जिवंत सापडली. बक्षिसाच्या पैशासाठी आईनेच हा कट रचला होता. पुढे तिला आठ वर्षांची शिक्षा झाली.

लिंडी रडली नाही, ती निरपराध होती. सुझन आणि कॅरन रडल्या, त्या अपराधी होत्या. चेहरा वाचून न्याय देता येतो, असे मानणाऱ्यांना ही तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

याचा अर्थ मॅक्कॅन दांपत्याला कोणी प्रश्नच विचारायचे नव्हते, असा नाही. परक्या देशात तीन अजाण लेकरांना कुलूप न लावलेल्या सदनिकेत ठेवून जेवायला जाणे ही चूकच होती आणि ती चूक त्या दोघांनीही अमान्य केलेली नाही. त्यांच्या जागी एखादे गरीब, अशिक्षित कुटुंब असते तर समाजाने इतकी प्रारंभिक माया तरी दाखविली असती काय, ही ब्रिटनमध्ये व्यक्त झालेली शंकाही रास्त आहे. शिवाय मूल नाहीसे झाले की पोलिसांनी प्रथम घरच्यांना तपासावे, हा नियम योग्यच आहे. सुझन आणि कॅरन यांची प्रकरणे त्याच नियमामुळे उघडकीस येऊ शकतात. परंतु निष्काळजीपणा आणि हत्या यांच्यात फार मोठे अंतर आहे. ‘मुलांना एकटे का सोडले?’ हा प्रश्न एका पायरीवर उभा आहे आणि ‘मुलीचे प्रेत कोठे दडविले?’ हा शंभर पायऱ्या खाली. पहिला प्रश्न विचारता विचारता दुसऱ्यावर घसरण्यासाठी मधल्या पायऱ्यांवर पुरावा लागतो. तो नसताना जी उडी मारली जाते, तिलाच लोकापवाद म्हणतात.

लोक ही उडी का मारतात? केवळ दुष्टपणाने मारतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या आया रात्री आपल्या लेकरांना कुशीत घेऊन निजतात, त्यांनाच मॅडेलीनची बातमी सर्वांत अधिक बोचत असते. काहीही वैर नसताना कोणी अनोळखी माणूस झोपलेले मूल उचलून नेऊ शकतो, हा विचार सोसवत नाही. मातापित्यांनीच काही केले असे ठरले, तर ती भीती नाहीशी होते. ‘ते तसले लोक आहेत, आपण तसले नाही, म्हणून आपली मुले सुरक्षित आहेत’ असे समाधान लाभते. मॅक्कॅन दांपत्याला दोषी ठरविण्याची गरज तपासाची नव्हती, ती भ्यालेल्या घरांची होती.

या भीतीचा बाजार मांडणारे मात्र भ्यालेले नव्हते. मॅडेलीनचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले की अंक अधिक खपतो, हे ब्रिटनच्या वृत्तपत्रांना कळून चुकले होते. मार्च २००८ मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ आणि ‘डेली स्टार’ यांना पहिल्या पानावर क्षमायाचना छापावी लागली आणि साडेपाच लाख पौंड भरपाई द्यावी लागली. ती रक्कम मुलीच्या शोधनिधीला मिळाली. पोलिसांना दुभाषा म्हणून साह्य करणाऱ्या, त्याच गावात राहणाऱ्या एका ब्रिटिश गृहस्थालाही संशयित ठरवून पत्रांनी रंगविले होते. त्यालाही जुलै २००८ मध्ये अकरा वृत्तपत्रांनी सहा लाख पौंड दिले. केटची खासगी रोजनिशी तिच्या संमतीवाचून ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने छापली. नोव्हेंबर २०११ मध्ये लेव्हसन चौकशीपुढे या दांपत्याने जी साक्ष दिली, ती ब्रिटिश पत्रसृष्टीला मान खाली घालायला लावणारी होती. भरपाईचा धनादेश मिळतो. पण क्षमायाचना वाचणारे मथळे वाचणाऱ्यांपेक्षा नेहमीच थोडे असतात.

सर्वांत मोठी हानी मात्र मॅडेलीनची झाली. पहिल्या काही तासांत सदनिका वेळीच बंद केली गेली नाही, अनेक जण तेथून वावरले. पुढे संशयाची सुई घरच्यांवर स्थिरावली आणि बहुमोल महिने गेले. २१ जुलै २००८ रोजी पुराव्याअभावी प्रकरण बंद करून मातापित्यांवरील संशयिताचा शिक्का उठविण्यात आला. परंतु त्याच सुमारास तपासातून हटविले गेलेले अधिकारी गोन्सालो अमराल यांनी मातापित्यांवर ठपका ठेवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावरील कज्जा युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये मॅक्कॅन दांपत्याच्या विरुद्ध संपला. दरम्यान २०११ पासून लंडनच्या पोलिसांनी नव्याने छाननी हाती घेतली. जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी ज्या इसमावर संशय जाहीर केला, तो लैंगिक गुन्ह्यांबद्दल पूर्वी शिक्षा झालेला होता. त्याच प्राइया दा लूझमध्ये २००५ साली एका वृद्ध स्त्रीवर बलात्कार केल्याबद्दल तो तुरुंगात होता. त्याने मॅडेलीन प्रकरणातील सहभाग नाकारला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षा भोगून तो बाहेर आला, तोवर त्याच्यावर या प्रकरणी आरोप ठेवला गेला नव्हता. त्याच्याबाबतीतही निकाल देण्याचा अधिकार न्यायालयाचाच आहे, लोकांचा नाही. पोर्तुगीज पोलिसांच्या वरिष्ठांनी लंडनला येऊन जेरी मॅक्कॅन यांची क्षमा मागितल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा वर्षांनी आलेली ही क्षमा त्या रात्रीचे तास परत आणू शकत नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे म्हणून आपल्या समाजाला हात झटकता येणार नाहीत. मॅडेलीननंतर सुमारे वर्षभराने, मे २००८ मध्ये, नोएडा येथे आरुषी तलवार या किशोरीची हत्या झाली. तेथे मूल हरवले नव्हते, मारले गेले होते. पण मातापित्यांवरचा खटला तसाच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चालला आणि आई मुलाखतीत रडली नाही, याची चर्चा तशीच घरोघर झाली. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांचीही मुक्तता केली. ज्या समाजाच्या स्मृतीत अग्निदिव्यातून गेलेल्या सीतामाईलाही एका परिटाच्या उद्गारापायी वनवास भोगावा लागल्याची कथा जपलेली आहे, त्याला लोकापवाद म्हणजे काय हे परक्यांनी शिकविण्याची आवश्यकता नसावी. ती कथा ऐकताना प्रत्येकाचे डोळे सीतेसाठी पाणावतात. परिटाच्या जागी आपणही असू शकतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मॅडेलीन अद्याप सापडलेली नाही. मे २०२३ मध्ये आल्गार्व्हमधील आरादे धरणाच्या काठी आणि जून २०२५ मध्ये प्राइया दा लूझजवळच्या माळरानावर पुन्हा शोध घेण्यात आला. मीच मॅडेलीन असल्याचा दावा करून तिच्या कुटुंबाला हैराण करणाऱ्या एका तरुणीला २०२५ च्या अखेरीस ब्रिटिश न्यायालयाने दोषी ठरविले. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही या घराच्या दाराशी येणारे सारेच मुलीला शोधायला येत नाहीत. मातापित्यांनी काय करायला हवे होते, याविषयी जगात कोट्यवधी मते आहेत. मुलगी कोठे आहे, याविषयी एकही खात्रीची माहिती नाही.

पुढे कधी एखादी आई पडद्यावर येईल आणि हरवलेल्या लेकराचे वर्णन सांगू लागेल, तेव्हा प्रेक्षकाने तिचे डोळे न्याहाळू नयेत. तिने सांगितलेला मुलाचा चेहरा, कपड्यांचा रंग आणि उंची लक्षात ठेवावी. तिचे डोळे तपासणे हे पोलिसांचे काम आहे आणि त्यासाठी त्यांच्यापाशी अश्रूंपेक्षा अधिक भरवशाची साधने आहेत. समाजाच्या हाती असते ते एवढेच. आणि हरवलेल्या मुलाला त्याहून अधिक काही नकोही असते.